परदेशी प्रवेशासाठी एक वासरू

जनावरांच्या डॉक्टरकडे माणसं दोन वेळा येतात. एकदा जनावर खाणं सोडतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पोरगं बारावी होतं तेव्हा. पहिल्या वेळी ती घाबरलेली असतात आणि खरं सांगत नाहीत. दुसऱ्या वेळी घाबरलेली नसतात, पण खरं तेव्हाही सांगत नाहीत. गाय आडवी पडलेली असते, पोट नगाऱ्यासारखं, आणि मालक शपथेवर सांगतो, ‘काय नाय मॅडम, गवतच खाल्लं.’ गाईच्या तोंडाला आदल्या दिवशीच्या पंगतीतल्या भाताचा आणि जिलबीचा वास येत असतो. पोराच्या बाबतीतही तेच. ‘त्याला लहानपणापासून प्राण्यांची लय आवड,’ असं आई सांगते, आणि माझ्या टेबलाखाली झोपलेलं मांजर हललं की तो आवडवाला खुर्चीवर पाय घेऊन बसतो.

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या व्यवसायातले हृद्य अनुभव’ लिहा, असा निरोप आला तेव्हा मी जरा विचारात पडले. माझ्या व्यवसायातले बहुतेक अनुभव गाईच्या हृदयापासून बऱ्याच लांब, मागच्या बाजूला येतात. तिथं खांद्यापर्यंत हात घालून मी आयुष्य काढलं. तरीही लिहिते. फक्त हृद्यपणाची हमी देत नाही.

आधी माझी ओळख. वडील लासलगावच्या कांदा मार्केटात मापारी. काट्याशी उभं राहून दुसऱ्याचं वजन मोजण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे स्वतः हलकंभारी काही बोलत नसत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांना त्यात मिजास दिसते. दिसू द्या, ती आहेच. मला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मार्केटातले हमाल वडिलांना म्हणाले, ‘भाऊ, पोरगी ढोराची डॉक्टर व्हणार व्हय?’ वडील काट्यावरून मान न उचलता म्हणाले, ‘व्हय. माणसांचे लय झाले.’ माझा सत्कारसमारंभ एवढाच झाला.

आता हंगामाकडे येते. बारावीनंतरच्या त्या मोठ्या परीक्षेचा निकाल लागला की पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात गर्दी होते, आणि त्यात एकही जनावर नसतं. ‘मॅडम, एमबीबीएसला नाही लागला. व्हेटरनरीला लागेल का? नावामागं डॉक्टर लागतं ना हो?’ मी सांगते, लागतं, पुढेच लागतं, आणि डॉक्टरची पाटी लावलेल्या गाडीतून शेण काढायला पण तोच डॉक्टर लागतो. मग ते फार्मसीची चौकशी करतात.

अलीकडे मात्र नवीन जात निघाली आहे. परदेशी विद्यापीठात अर्ज करणारी. तिकडच्या नावाजलेल्या पशुवैद्यक कॉलेजांची एक अट असते: अर्ज करण्याआधी मुलानं काही आठवडे प्रत्यक्ष जनावरांमध्ये काम केलेलं असावं. अट शहाणपणाची आहे. गाय चित्रात कशी दिसते हे सगळ्यांना माहीत असतं, ती पहाटे कशी वास मारते हे आधी कळलेलं बरं, असा त्यांचा साधा हिशेब. पण आपल्याकडे ‘अनुभव’ म्हणजे अनुभवाचा दाखला. तो शिक्का मारून मिळतो, रहिवासी दाखल्यासारखा. एक गृहस्थ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, मुलगा क्लाससाठी दोन वर्षं बाहेरगावी आहे, पण घरी पर्शियन मांजर आहे, तेव्हा तो काळ धरून टाका. मी मांजराला दाखला देते म्हणाले. गृहस्थ पेढे परत घेऊन गेले.

विलासराव आले ते मात्र पेढे न आणता. द्राक्ष निर्यात करणारे, गंगापूर रोडला बंगला, बोलणं थेट. मला अशी माणसं आवडतात, म्हणजे आवडू लागतात आणि मग ती पुढचं वाक्य बोलतात. पुढचं वाक्य असं होतं: ‘मॅडम, मुलगी इंग्लंडला व्हेटला जाणार. तुमचं सहा आठवड्यांचं लेटर पाहिजे. ड्राफ्ट रेडी आहे, तुम्ही फक्त सही मारा.’

मी विचारलं, इंग्लंडलाच का? आपल्याकडे कॉलेजं आहेत, मीही तिथलीच.

‘तसं नाही हो,’ ते म्हणाले. ‘इथं शिकली तर ढोराची डॉक्टर. सोयरीक जमत नाही. तिथं शिकली की व्हेट.’

म्हणजे गाय तीच, शेणही तेच, फक्त ते साहेबाच्या गोठ्यात पडलं की त्याला प्रतिष्ठा. मी म्हटलं, लेटर फुकट देईन, पण सहा आठवडे मुलीला पाठवा. त्यांना वाटलं मी भाव वाढवतेय. बराच वेळ ते वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिले की नक्की काय अपेक्षा आहे. शेवटी पटलं की मला खरोखरच मुलगी हवी आहे. तेव्हा ते माझ्याकडे जरा काळजीनं बघू लागले.

सानिका सोमवारी आली. ड्रायव्हरसह, पांढरे बूट घालून. पहिल्याच गोठ्यात म्हशीनं त्या बुटांचा रंग बदलला. मी वाट बघत होते की आता ही फोन काढेल आणि गाडी बोलावेल. तिनं फोन काढला नाही. म्हशीच्या शेपटीकडे बघत म्हणाली, ‘मॅडम, ही मुद्दाम करते का?’ मी म्हटलं, म्हैस कुठलीच गोष्ट मुद्दाम करत नाही, ते फक्त मालक करतात. ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी गमबूट घालून आली.

मुलगी बरी होती. मी कौतुक फार करत नाही, त्यामुळे ‘बरी’ म्हणजे काय ते समजून घ्या. गाय पाय मागे नाही, बाजूला झाडते, हे तिला एकदाच सांगावं लागलं. एकदाच, कारण दुसऱ्यांदा तिला गाईनंच सांगितलं. ताप कुठून बघतात हे कळल्यावर बाकीच्या मुली जो चेहरा करतात तो तिनं केला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालक खोटं बोलतोय हे कळलं तरी ती त्याला खोटा पाडत नसे, दुसऱ्या बाजूनं विचारत असे. हे मला जमायला अर्धी हयात गेली.

मग गिरणारे गावापलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. इठाबाईची संकरित गाय पहाटे व्यायली होती, आणि जार, म्हणजे वासरामागून बाहेर पडायची वार, पडेना. इठाबाई एकटी बाई, नवरा गेलेला, मुलगा अंबडच्या कारखान्यात पाळीला. गाय हाच तिचा रोजचा पैसा आणि हीच तिची बोलायची सोबत. आम्ही पोचलो तेव्हा गाय उभी होती, मागं जार लोंबत होता, आणि वासरू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोत्यावर बांधलेलं. ओठ चाटत होतं.

मी विचारलं, चीक पाजला?

इठाबाई म्हणाल्या, ‘नाय बाई. जार पडूं दे. मंग पाजू.’

इथं बाहेरच्यांसाठी थोडं थांबायला हवं. शहरातल्या माणसाला चीक म्हणजे खरवस, वेलची घालून. वासराला चीक म्हणजे जीव. वासरू आईच्या पोटातून कुठल्याही रोगाशी लढायची ताकद घेऊन येत नाही, ती सगळी ताकद पहिल्या चिकात असते. आणि वासराच्या आतड्याची दारं ती घ्यायला पहिले काही तासच नीट उघडी असतात, मग हळूहळू बंद होतात. आता आमच्याकडची रीत बघा: जार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, पाजला तर जार आतच राहतो. ही रीत कोणी काढली माहीत नाही. तिला शिक्षणाचा, पैशाचा, पक्षाचा काही भेद नाही. पदवीधर सरपंचाच्या गोठ्यातही मी तीच पाहिली आहे. इतकी वर्षं मी या रीतीवर भाषणं दिली, तक्ते लावले, भांडले, एकदा तर एका घरी जेवणावरून उठले. रीत तशीच राहिली. माझं जेवण तेवढं बुडालं.

मी गाय तपासली. जार पडायला दिवसभराचा वेळ होता, ओढायचा नसतो, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून माणूस धावत आला, म्हैस अडली होती. मी सानिकाला म्हटलं, तू इथं थांब, वासराला चीक मिळेल असं बघ, आणि निघाले.

म्हशीनं माझा सगळा दिवस घेतला. संध्याकाळी परत आले तेव्हा जार पडलेला होता, इठाबाई खुशीत वासराला चीक पाजत होत्या, आणि सानिका ओट्यावर एका बाजूला बसली होती. तिनं दिवसभर समजावलं होतं. तोंडानं, हातानं, मोबाइलवर चित्रं दाखवून. इठाबाईंनी तिला चहा दिला, भाकरी दिली, चीक तेवढा दिला नाही. मध्ये त्या चाऱ्याला म्हणून शेतात गेल्या होत्या, बराच वेळ. गाय आणि वासरू आणि सानिका, तिघंच अंगणात.

मी विचारलं, मग तेव्हा का नाही पाजला?

‘गाय त्यांची होती,’ ती म्हणाली.

मी गाडी काढली. गाडीत मला राग आला होता, तिचा की इठाबाईंचा हे ठरत नव्हतं. चार दिवसांनी वासराला हगवण लागली. आम्ही सलाईन लावली, औषधं दिली, सानिका रोज जात होती. वासरू गेलं. इठाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘दृष्ट लागली माझ्या वासराला.’ सानिका गाडीत येऊन बसली आणि नाशिक येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

आता या गोष्टीत तिसरं पात्र येतं. कॉलेज रोडला काचेच्या दारामागं परदेशी शिक्षणाचं दुकान चालवणारा एक तरुण. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचंच ओळखपत्र, कारण स्वतःच्या दुकानात स्वतःला कोणी ओळखलं नाही तर पंचाईत. त्याचं काम प्रोफाइल घडवणं. सोनार दागिना घडवतो तसं, फक्त सोन्याशिवाय. प्रवेशाच्या अर्जासोबत मुलानं स्वतःबद्दल निबंध लिहायचा असतो, तो हा लिहून देतो. सानिकाच्या निबंधात त्यानं वासरू वाचवलं. नुसतं वाचवलं नाही, तर अडाणी वस्तीच्या विरोधाला न जुमानता, भर पावसात, एकटीनं. तेव्हा पाऊसही नव्हता.

विलासराव माझ्यासाठी त्याला जुळणारं पत्र घेऊन आले. ‘तिच्या नेतृत्वाखाली वासराचे प्राण वाचले,’ असं काहीसं इंग्रजीत. मी पत्र परत केलं.

म्हटलं, ‘विलासराव, वासरू मेलंय. कागदावर जिवंत करणार असाल तर त्याला चारापण कागदावरच घाला.’

‘मॅडम, एका वासरापायी पोरीचं वर्ष घालवता का तुम्ही? तिथं जगभरची पोरं रांगेत आहेत. मेलेलं वासरू घेऊन कोण आत घेणार तिला?’

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही छातीठोक म्हणता आलं नसतं. ते विद्यापीठ साधंसुधं नव्हतं, जागा मोजक्या, आणि मुलीला परदेशात दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. तिनं बापाला सांगून टाकलं होतं, तिथं नाही मिळालं तर इथल्या सरकारी कॉलेजात जाईन, ढोराची डॉक्टर होईन, पण व्हेट म्हणा नाहीतर ढोराची, डॉक्टर तीच होईन. बाप त्या दिवसापासून नीट जेवत नव्हता म्हणे. मी माझं पत्र लिहिलं, जसं घडलं तसं. निबंध सानिकानं रात्री बसून स्वतः पुन्हा लिहिला आणि परस्पर पाठवला. त्यात वासरू मेलं. दुकानवाल्यानं फोनवर सांगितलं की निगेटिव्ह स्टोरी चालत नाही, आणि फी परत मिळणार नाही.

पण विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. मुलाखत संगणकावरच, आपल्या दुपारी. घरी विलासरावांनी आणि दुकानवाल्यानं तिच्या खोलीत मागं पुस्तकांचं कपाट आणून ठेवलं, भिंतीवर गाईची तसबीर लावली, आणि दोघं कॅमेऱ्याबाहेर खुर्च्या टाकून बसणार होते, अडली तर खूण करायला. सानिका लॅपटॉप बगलेत मारून माझ्या दवाखान्यात आली. मी तिला मागची खोली दिली. मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे मी देवळाली कॅम्पच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या लॅब्रेडॉरचा कान साफ करत होते. साहेब शिस्तीचे, कुत्रा नव्हता. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं, आणि मी त्या कुत्र्याचा कान आयुष्यात कोणाचा केला नसेल इतका सावकाश साफ केला.

सुरुवातीला इकडचं तिकडचं विचारलं. मग एका बाईंनी नेमकं तेच विचारलं, जे मी गाडीत पुन्हा विचारायचं टाळलं होतं. मालकीण शेतात गेली होती, तुला अडवणारं कोणी नव्हतं, चीक पाजला असता तर वासरू कदाचित जगलं असतं. मग का नाही पाजलास?

 सुभेदारसाहेबांनी कुत्र्याला घट्ट धरलं. त्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण चौकशी चालू आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगते. म्हणाली, ‘मी चोरून पाजला असता आणि जार अडकला असता, तर सगळ्या वस्तीनं म्हटलं असतं, पाजल्यामुळेच अडकला. मग तिथं कुठल्याच वासराला वेळेवर मिळाला नसता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते बरोबर होतं की मी घाबरले होते, हे मला अजून नक्की माहीत नाही.’

मग त्या बाईंनी विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर?

‘मी दिवसभर वासराबद्दल बोलत होते,’ सानिका म्हणाली. ‘त्यांना भीती गाईची होती. जार अडकून गाय गेली तर घर गेलं. वासरू चोखायला लागलं की जार लवकर सुटायला मदत होते, हे मी त्यांना सांगितलंच नाही. मला माहीत होतं, पण मी वासरूच वाचवत बसले होते. पुढच्या वेळी मी आधी गाईबद्दल बोलेन.’

माझ्या हातातला कापूस कुत्र्याच्या कानातच राहिला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की तुम्ही वासरू मारता. वासराची रोगप्रतिकारशक्ती, वासराची आतडी, वासराचा हक्क. तक्त्यावर चित्र वासराचं. ज्या बाईचं सगळं चित्त गाईत गुंतलंय तिच्यासमोर उभी राहून मी वासराची वकिली करत होते, आणि वर म्हणत होते की लोक अडाणी. ‘मॅडम, कान,’ सुभेदारसाहेब अदबीनं म्हणाले.

तेव्हापासून मी गोठ्यात गेले की पहिलं वाक्य म्हणते, ‘गाईचा जार लवकर पडावा असं वाटतं ना? मग पाजा.’ सगळीकडे चालतं असं नाही. पण चालतं. इठाबाईंच्या गाईचं पुढचं वेत झालं तेव्हा त्यांनी फोन केला तो जार पडेना म्हणून नाही. ‘पाजलं बाई आधी. वासरू लाथा मारून राहिलं. पोरीला सांगा.’ पोरीला मी सांगितलं. तिकडे तेव्हा सकाळ होती आणि ती मेंढ्यांच्या गोठ्यात होती.

हो, प्रवेश मिळाला. विलासरावांनी हॉल घेतला, जेवण दिलं, आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी’ असं छापलं. जनावराचा उल्लेख कुठंही नव्हता. गाईचा फक्त पेढ्यात. भाषणात ते म्हणाले, खरेपणा हाच आमच्या घराण्याचा संस्कार. मी टाळ्या वाजवल्या. मापाऱ्याची मुलगी आहे, वजन कळतं मला, पण परक्याच्या कार्यात काटा काढत नाही.

आणि काचेच्या दारामागच्या त्या तरुणानंही धडा घेतला. धंदेवाईक माणूस लवकर शिकतो. त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं की परदेशी विद्यापीठांना आता अपयश आवडतं. वाचलेलं जनावर जुनं झालं, हल्ली एक केस हातून गेलेली पाहिजे, आणि थोडा पश्चात्ताप.

या हंगामात एक बाप मुलाला घेऊन आला. मुलगा चांगला उंच, केस जेल लावून बसवलेले. बाप अदबीनं बसला, दवाखान्याकडे नजर टाकली, आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याकडे एखादं मरायला टेकलेलं वासरू असेल तर कळवाल का? याला तिथं उभं करायचं होतं. एक दिवस पुरे.’

मी म्हटलं, ‘वासरू मरायचं तर आधी ते जन्माला यायला लागतं. उद्या पहाटे एक गाय व्यायची आहे, पोटात वासरू आडवं आहे. खांद्यापर्यंत हात घालून सरळ करायचंय. येऊ दे याला.’

बाप मुलाकडे बघू लागला. मुलगा आपल्या हाताकडे.